बाजाराच्या दिवशी हललेले घर

कारंजा (घाडगे), ता. ९ मे १९५८

तीर्थस्वरूप बाबाराव यांस,

श्रीनिवासचा शिरसाष्टांग नमस्कार. आपली गुडघेदुखी हटली असेल, ती. सासूबाईंच्या डोळ्याचे काम निर्विघ्न पार पडले असेल, आणि आपली बहीण, म्हणजे माझी सौ. सरोजिनी, वर्ध्याला सुखरूप पोचून माझ्याविषयी सगळे सांगून मोकळी झाली असेल, असे धरून चालतो. आपले पत्र पावले. “जावईबापू, राहते घर हरवते कसे?” एवढे एकच वाक्य त्यात होते. घर हरवलेले नाही, बाबाराव. ते फर्लांगभर सरकले आहे, आणि त्यापायी माझी बायको चाळीस-पंचेचाळीस मैल सरकली. ती परत यावी एवढ्याचसाठी हा लांबलचक खुलासा.

जंगलातून उठवलेल्या गोंडांची नवी वस्ती वसवायच्या कामावर मी ओव्हरसियर आहे, हे आपण जाणताच. (जाणून-बुजूनच बहीण दिलीत.) इथे घरे तयार येतात. भिंती, दारे, छप्पर, सगळे लॉरीतून सुटे उतरते आणि बोल्ट आवळले की उभे राहते. ते उभारायला वस्तीतल्याच माणसांना शिकवायचे, म्हणजे त्यांना घरही मिळेल आणि रोजगारही. योजना चांगली आहे. तिच्यात खोट असती तर मला एवढा ताप झाला नसता. उद्घाटनाला आलेल्या मोठ्या साहेबांनी तासभर बोलून सांगितले, की हे घर पाहिजे तेव्हा, पाहिजे तिथे हलवता येते. वस्तीचा म्होरक्या सोनबा पुढेच बसला होता. त्याने उठून विचारले, कुठंबी? साहेब म्हणाले, कुठेही. सरकारी भाषण कोणी मनावर घेत नाही, हा माझा नोकरीतला आजवरचा अनुभव. इथे अख्ख्या वस्तीने ते मनावर घेतले.

घरे उभी राहून आठवडा झाला नसेल तोच ती हिंडू लागली. सोनबाच्या दारात रस्त्याची धूळ येत होती, त्याने घराचे तोंड फिरवले. मनकर्णाबाईचे जावेशी बिनसले, तिने घर नाल्यापलीकडे नेले. मग दोघींचे गूळपीठ जमले आणि घर परत आले. बाकीच्यांनी पुढची भिंतच काढून टाकली. पाहुणा आला की त्याला आधी ओसरीवर बसवायचे असते, आणि आमच्या नकाशात ओसरीच नव्हती. (काढलेल्या भिंतींचा शेळ्यांना गोठा झाला. शेळ्या मजेत आहेत.) रोज सकाळी कोणते घर कुठे आहे ते पाहायला मला फेरी मारावी लागे. शेवटी मी सोनबावर तडकलो, की तुम्हाला एका जागी चैन कशी पडत नाही. तो तंबाखू मळता मळता म्हणाला, “साहेब, आमाले तं तुमी लोकं उठवूनच राह्यले. मंग घरबी आमच्यासंगं उठलं पाह्यजे का नाई?” मी उगाच एका बोल्टाला पाना लावून बघितला आणि निघून आलो.

आता सरोजिनीचे. आम्हालाही तसलेच घर मिळाले होते, उघड्या माळावर. सोनबाची बायको रुखमा पाणी भरायला येते. तिच्याजवळ सरोजिनी एकदा म्हणाली, की पत्र्याखाली जीव भाजून निघतो ग, त्या मोहाच्या झाडाखाली किती गार असेल. असे बोलणे आपल्याकडे हवेवर सोडायचे असते. बाजाराच्या दिवशी ती कारंज्याला गेली, मी दुसऱ्या कामावर होतो, आणि बाईला बरे वाटावे म्हणून सोनबाच्या माणसांनी आमचे घर सोडवून मोहाखाली नेऊन उभे केले. लोणच्याची एक बरणी फुटली नाही, हे मी मुद्दाम नमूद करतो. फक्त देवांना त्यांनी हात लावला नाही. सरोजिनी वांग्यांची पिशवी घेऊन परतली तेव्हा माळावर पायाचे दगड, मधोमध पाटावर आमचे देव, वर पळसाच्या पानांचा आडोसा, आणि शेजारी राखण करत बसलेली रुखमा, एवढाच संसार उरला होता. तिने देव असे उघड्यावर का टाकले म्हणून विचारले. रुखमा म्हणाली, “तुमचा देव तुमीच उचला, बाई. आमाले उठवलं तवा आमचा देव दुसऱ्यायनं हालवला. तसं कोनाचं करू नाई.”

सरोजिनीने हे ऐकले. मला तिनेच सांगितले. पण रागात ऐकलेले पोटात उतरत नाही. तिने देव पदरात घेतले आणि संध्याकाळच्या मोटारीने माहेर गाठले. बाबाराव, मी या हलत्या घरांना पुरता विटलो आहे. बदलीचा अर्ज लिहून तयार आहे. जिथे भिंती जमिनीत पुरलेल्या असतात अशा गावी मी तिला ठेवीन, एवढे तिला सांगा.

आपला आज्ञाधारक (तूर्त बिनबायकोचा),
श्रीनिवास

ता. क. पत्र टाकायचे राहिले. मोहाखाली खरोखरच गार वाटते. अर्ज फाडला. रुखमा रोज दारात येऊन बाई कधी येणार म्हणून विचारते. तिच्या मनाला फार लागले आहे. मलाही करमत नाही.

ता. क. दुसरा. आपल्या परसात विहिरीजवळची जागा अजून रिकामीच आहे ना? सोनबाला मी सांगितले, की बाई काही यायच्या नाहीत. तो म्हणाला, मग घरच नेऊ. मी हसलो. त्याने तेही मनावर घेतले.

ता. क. तिसरा. साहेबांनी वर्ध्यात घर उभारून दाखवायला परवानगी दिली, सोनबाच्या माणसांना मजुरीसकट. त्यामुळे हे पत्र पोस्टाने येणार नाही. आपल्या हाती देणारा गृहस्थ तो सोनबा. त्याला आधी ओसरीवर बसवावे. फाटकाबाहेरच्या लॉरीत आमचे घर आहे, बरण्या मांडीवर घेऊन रुखमा आहे, आणि पुढे ड्रायव्हरशेजारी मी आहे. उतरायचा धीर होत नाही. घराचे तोंड कुठे करायचे ते सरोजिनीने येऊन सांगावे. देवांचा कोनाडा रिकामा ठेवला आहे. देव तिने स्वतःच्या हाताने आणले तरच तो भरेल.