सोचिमाला तुझ्या पदरात घालताना

प्रिय न्वाकाएगो,

ओबिओराने आगादेझहून फोन केला आणि तेव्हापासून त्याचा फोन बंद आहे, म्हणून लिहिते. आगादेझच्या पुढे वाळवंट, वाळवंटाच्या पुढे समुद्र, आणि त्यापलीकडे तो निघालाय ते युरोप. तुझ्याच विभागातून पहिल्या वर्गात उत्तीर्ण होऊनही नोकरी न मिळालेला माझा मुलगा उघड्या ट्रकवर पाण्याचा डबा कवटाळून बसलेला मला दिसतो, आणि चुलीवरचं करपून जातं. शाळेत मी कुणाला काही बोललेले नाही. मुख्याध्यापिकेचाच पदवीधर मुलगा असा निघून गेला, हे मुलींना कळू नये.

त्यातच सोचिमाला तुमच्या विद्यापीठात प्रवेश मिळाला. ते कळलं आणि आनंद करायचा सोडून मी ओबिओराचा बंद फोन पुन्हा लावून पाहिला. त्याच संध्याकाळी धाकटे दीर न्वाबुएझे आले. त्यांचं न्नेवीच्या बाजारात मोटारींच्या सुट्या भागांचं दुकान आहे, ठाऊकच आहे तुला. सूप ओरपत म्हणाले, "वहिनी, पोरगी माझ्याकडे उमेदवारीला द्या. मुलींना आम्ही घेत नाही, पण ही घरची. ओबिओराने एवढी पुस्तकं खाल्ली, पोट भरलं का त्याचं?" मी म्हटलं, "भाऊजी, सूप गरम आहे, जीभ सांभाळा."

सोचिमा हसली. पण भांडी घासताना म्हणाली, "आई, काकांची उमेदवारी संपली तेव्हा मालकाने त्यांना दुकान थाटून दिलं. दादाला कुणी काय दिलं?"

खरं आहे तिचं. बाजारात पोर सोपवताना वडीलधारी माणसं कोलाचं कडू फळ नेऊन फोडतात, मालक त्यातला तुकडा उचलून खातो, तोच त्याचा शब्द. पुढे त्याने पोराला उभं केलं नाही, तर सगळा बाजार त्याच्या तोंडावर थुंकतो. विद्यापीठाच्या तोंडावर कोण थुंकणार? आपण दोघी शिकत होतो तेव्हा निकालाआधीच नोकरी दारात यायची, शब्दाची गरजच पडली नाही.

तरी तिला रसायनशास्त्रच शिकायचं आहे. साबण उकळून उकळून तिने माझी सगळी पातेली काळी केली आहेत. तिला गिअरचे दात मोजायला बसवणं माझ्याने होणार नाही. आणि नुसतं फाटकाशी सोडून परतणंही होणार नाही.

म्हणून हे पत्र घेऊन ती आणि भाऊजी तुझ्या दारात आले आहेत. बायकांनी कोला फोडायचा नसतो, भाऊजी फोडतील. हसू नकोस. तू प्राध्यापक आहेस, दुकानदार नाहीस, कळतं मला. पण मला जाब विचारता येईल असं एक माणूस हवं आहे. तिला शिकव, चुकली तर खडसाव, आणि पदवी हातात ठेवून दार लावून घेऊ नकोस; तिला तिच्या पायावर उभी कर. हे झेपणार नसेल, तर तुकडा उचलू नकोस. मी रागावणार नाही. तिला त्याच मोटारीने परत पाठव.

तुझीच भेदरलेली,
उझोअमाका

न्वाबुएझे यांच्या साक्षीने तुझ्या हवाली: चार कोला, जिनची एक बाटली, आणि सोचिमा, माझ्याजवळ उरलेलं मूल.