ती बोलली तसं

आई, तुला जाऊन इतकी वर्षं झाली की तुझा आवाज हल्ली मुद्दाम आठवावा लागतो. आज तो आपोआप आला. मी अमेरिकेत, जर्सी सिटीत आहे, ताईच्या मुलीकडे. पंचाहत्तरी झाली, नियमाप्रमाणे राजीनामा दिला आणि रोमनं तो लगेच स्वीकारला. आता मी कुठल्याच देशात पोपसाहेबांचा राजदूत नाही. दमलोय.

रोमहून बोलावणं आलं तेव्हा तू वसईच्या स्वयंपाकघरात बोंबील साफ करत होतीस. मला राजदूतांच्या शाळेत घालणार म्हटल्यावर तू मानही वर केली नाहीस. "गावातली बांधावरची भांडणं मिटवायला तुला वेळ नाही, आणि देशांची मिटवणार?" मी हसलो होतो. पुढे आर्चबिशप झालो, पण माझं म्हणावं असं एकही देऊळ, एकही चर्च मिळालं नाही. काही वर्षं झाली की देश बदलायचा. एका देशात मठातल्या दोन सिस्टरांना पळवून नेलं. तिथल्या जनरलसोबत मी महिनोन्‌महिने चहा पीत राहिलो. तो म्हणे, आम्हाला काही ठाऊक नाही. मी रोमला कळवी, चर्चा सुरू आहे. एक सिस्टर परत आली. दुसरीचा भाऊ दारात येऊन उभा राहिला, त्यालाही मी तेच सांगितलं. वाक्यं मऊ करणं हेच माझं काम होऊन बसलं.

इथं भाचीच्या वरच्या मजल्यावर नागपूरच्या एक काकू मुलाकडे राहायच्या. पहिल्याच भेटीत म्हणाल्या, "मी बौद्ध आहे, फादर. पाणीबिणी शिंपडायचं नाही, चहा घ्यायचा." मग रोज दुपारी चहा. गेल्या आठवड्यात त्यांना हॉस्पिटलमध्ये ठेवलं, म्हणून मी भेटायला गेलो. श्वासाची नळी पुन्हा घालायची का, असं डॉक्टर विचारत होती. काकू स्वच्छ म्हणाल्या, "पुरे झालं. आता नळी नको. मला घरी ने." मुलानं डॉक्टरला इंग्रजीत सांगितलं, "ती म्हणते, अजून प्रयत्न करू या."

काकूंना तेवढं इंग्रजी कळत होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "फादर, तुम्ही सांगा. मी बोलले तसं."

मी सांगितलं. एक शब्दही मऊ केला नाही.

"व्हाय वुड यू डू दॅट, फादर? माझी आई आहे ती!" मुलगा ओरडला. काकूंनीच त्याचं मनगट धरलं. "त्यांच्यावर कशाला ओरडतोस? मीच सांगायला लावलं ना." तो पलंगाच्या कडेला बसला आणि लहान मुलासारखा रडला. दुसऱ्या दिवशी त्यानं त्यांना घरी आणलं.

आज सकाळी त्या गेल्या. मला बोलवायला तो स्वतः खाली आला. वर गेल्यावर आम्ही दोघं त्यांच्याजवळ बसलो. मग त्यानं विचारलं, "तुमची आई कशी गेली, फादर?"

"शांतपणे," मी म्हणालो.

आई, मी तेव्हा कुठल्याशा राजधानीत होतो. ताईनं फोनवर हाच एक शब्द सांगितला होता. असे शब्द कसे तयार होतात, हे माझ्याइतकं कोणाला कळणार? तरीही मी पुढे काही विचारलं नाही. ताई अजून आहे, वसईतच. आत्ता फोन केला तरी उचलेल. हा कागद कुठंच जायचा नाही म्हणून लिहितो: विचारायची भीती वाटते.