खालच्या पायरीवरची स्मृती

विद्यानगर, हुबळी
८ फेब्रुवारी १९९८

प्रिय मंगलाअक्का,

सप्रेम नमस्कार. तुझं सांगलीहून आलेलं कार्ड मिळालं. ह्यांना तारिहाळच्या कारखान्यात रात्रपाळी लागलीय, त्यामुळे दुपारभर घरात घोरणं. शाळेतली बकूळ फुललीय. तुझी लेक स्मृती खुशाल आहे.

तू पुन्हा तेच विचारलंयस, "पोर वाचते का?" सांगते. आधी आमच्या शाळेची रीत ऐक. मधल्या सुट्टीनंतर अर्धा तास मुलं व्हरांड्याच्या पायऱ्यांवर वाटून बसतात. ज्यांना येतं ती वर, अडखळणारी चारपाच जणं मधे, आणि ज्याला अक्षर अक्षर लावावं लागतं ते एकच पोर खालच्या पायरीवर माझ्याजवळ. शनिवारी पान वाचून घ्यायचं, चिंचोक्यांवर हातच्याची वजाबाकी करून घ्यायची. जमलं की वरची पायरी. जूनमध्ये तू तिला शिकायला माझ्याकडे आणून ठेवलंस तेव्हा ती खालीच बसणार होती, त्यात नवल नव्हतं.

अक्का, तो अर्धा तास काय सांगू! फुलं टपटप पडत असतात, तिचं बोट ओळीवरून सरकतं, तिचं डोकं माझ्या खांद्याला टेकतं. शाळा कुठली, घर कुठलं, काही कळेनासं होतं. लग्नाला इतकी वर्षं झाली, घरात पाळणा हलला नाही, हे मी तुझ्याजवळ कधी रडले नाही. तिथे बसलं की ते आठवतही नाही.

डिसेंबरातली गोष्ट. दुपारी माझा डोळा लागला होता. कुणीतरी गोष्ट वाचतंय असं वाटलं, सावकाश, गोड, कुठेही न अडता. स्वप्न समजून तशीच पडून राहिले. डोळे उघडले तर परसदारी स्मृती मांजरीला वाचून दाखवत होती, जोडाक्षरांसकट.

आणि पुढच्या शनिवारी तीच पोर पहिल्या ओळीत अडली. वजाबाकीत हातचा विसरली. मग हळूच माझ्याकडे बघितलं. तू तिच्यादेखत म्हणाली होतीस ना, "वाचायला लागली की लगेच घरी नेईन"? पोरीनं ते मनात धरलं होतं. मला सगळं कळलं, अक्का. तरी म्हटलं, "असू दे, पुढच्या शनिवारी बघू."

असे किती शनिवार गेले. शेवटी ह्यांनीच अर्ध्या कानडीत हटकलं, "काय गं, पोरीला शिकवायलीस का ठेवून घ्यायलीस? साकु, पुरे, बास आता!" मी फणकारले. पण खालच्या पायरीवर जागा एकाचीच. कलघटगीहून आलेली शीतल महिनाभर मधल्या पायरीवर काही न कळता नुसती मान डोलावतेय. तिचा अर्धा तास मी खात होते.

काल पान पुढे ठेवलं आणि म्हटलं, "स्मृती, नीट वाच."

"पूर्ण, बाई?" शाळेत ती मला बाईच म्हणते.

"पूर्ण."

तिनं वाचलं. शेवटच्या ओळीशी थांबली. मला वाटलं, अडली. पण ती नुसती माझ्याकडे बघत होती. मग तीही ओळ वाचली. वजाबाकी बरोबर आली. दप्तर उचलून वर जाऊन बसली, मागे वळली नाही.

वार्षिक परीक्षेपर्यंत तरी राहू दे, असं लिहायला हात शिवशिवतोय. पण ते तू ठरव. न्यायला येशील तेव्हा रविवारी ये, हे स्टेशनवर येतील. मी तिच्यासमोर रडणार नाही.

कालपर्यंत तिची बाई, आता नुसती मावशी,
अनुसया