पखवाजाची कणीक

कडाव,
बुधवार, ता. ५ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. गौरास वैनीचा आशीर्वाद.

खुशाली मागून विचारते, आधी भांडते. ऑपरेशनच्या दिवशी तू पनवेलला दवाखान्यात आलीस, वॉचमनच्या हातात डबा दिलास आन् खालच्या खाली पळालीस. ही कुठली रीत गं? सख्खी नणंद तू माझी. तुझ्या चौक गावापासून एसटीत उभी राहून आलीस, आन् एक जिना चढवला नाय तुला? फोन करावा तर माझा नंबर बंद करून ठेवलायस. तुझ्याच लेकीने, ऋतिकाने सांगितलं, तिला रागवू नको.

डब्यात वालाचं बिरडं होतं आन् भाकरीचे घास आधीच मोडून ठेवलेले. माझा उजवा हात बांधलेला, डाव्याने कशी मोडणार म्हणून. ते खाताना मला आणखीच राग आला.

इकडे सगळं बरं हाय. तांबडी गाय व्याली, कालवड झाली. दूध चांगलं देते, लाथ पण चांगली मारते. वाल भरपूर आलाय. हाताचं म्हणशील तर मनगटात नस दबलेली, ती डॉक्टरने मोकळी केली. आता कर्जतला सानवी मॅडम व्यायाम घेते. माती दाबायला देते, पिवळी, रबरासारखी. मी म्हटलं, "मॅडम, मी तीस वर्षं भाकऱ्या थापते, तो व्यायाम नाय का?" तर म्हणाली, "तो नको, रोज एक पान लिहा." चौथी शिकलेली बाई मी, काय लिहू? आधी भाज्यांची नावं लिहिली. मग सोयऱ्यांची. तुझं नाव आलं आन् पान तिथंच थांबलं. तुझा दादा म्हणतो, "लिही लिही, पुढच्या वर्षी ग्रामसेवक होशील."

कर्जतला व्यायामाला माझ्या बाजूला एक अण्णा बसतात. बँकेत होते, आता घरी. तरणे असल्यापासून गिटार वाजवतात, त्यांच्या पण मनगटाचं माझ्यासारखंच झालेलं. माणूस मस्करीखोर. म्हणतात, "अंबाबाई, तुमचा पखवाज आणि माझी गिटार, लग्नाच्या सुपाऱ्या घेऊ या. नवरानवरी पळून जातील, पण जेवण तर मिळेल." आमी दोघं टेबलावर बोटं वाजवत बसतो आन् मॅडम ओरडते.

मॅडमचा एक खेळ हाय. डोळे मिटायचे, पिशवीत हात घालायचा, काय लागलं ते सांगायचं. बटण, किल्ली, तांदूळ, गहू. पहिल्या दिवशी मी गव्हाला तांदूळ म्हटलं. मॅडम हसली. मला नाय हसू आलं.

मग अण्णा म्हणाले, "मी दोन वर्षं तारांना शिव्या घातल्या. तीनदा तारा बदलल्या, मग गिटारच बदलली. माझा हात बधिर झालाय, हे मान्यच करत नव्हतो."

गौरा, आता लिहिते ते नीट वाच. दोनदा वाच.

दिवाळीआधीची ती संकष्टी. खालापूरची भजन स्पर्धा. गजर तू असा उचललास की माणसं सरळ बसली. आन् पखवाज घुमावा म्हणून डाव्या तोंडाला थापलेली कणीक ढेपळं होऊन सतरंजीवर पडली. घुमायचं सोडून ठक ठक आवाज यायला लागला. सगळी हसली. मी माइकसमोरच तुला बोलले, "बावीस वर्षं संसार केलास आन् कणीक मळता येत नाय!" तुझी विहीण द्वारकाबाई पुढच्या रांगेत होती. तू टाळ खाली ठेवलेस आन् उठून गेलीस.

त्या दिवशी चंद्र उगवल्यावर तुझ्याकडे मोदक करायचे ठरलेले. त्यासाठी मी तांदळाची उकड मळून डब्यात घेतली होती. तुझ्या कणकेचा डबा पण तसाच, स्टीलचा, आन् दोन्हीवर ओलं फडकं. पडद्यामागे अंधार, आपला नंबर पुकारलेला. मी हाताला आला तो डबा उघडला आन् लावलं. गव्हाची कणीक ओढली की लांबते, उकड दाबली की तुटते. आंधळ्याने पण हाताने ओळखलं असतं. माझ्या बोटांना नाय कळलं. वर्षभर मुंग्या येत होत्या, मी कुणाला बोलले नव्हते. बोलले असते तर पखवाज काढून घेतला असता.

हे मला कधी कळलं, ते विचार. त्याच रात्री. घरी पिशवी उपसली तर तुझा डबा तसाच भरलेला. कणीक अशी मऊ मळलेली की बोट रुतलं. मी ती गाईला घातली, डबा घासला आन् गप्प बसले. साडेतीन महिने गप्प बसले. आन् वर तुझ्यावरच रागवत राहिले, की फोन का उचलत नाय.

काल दोन वाट्यांत दोन गोळे घेतले, एक कणकेचा, एक उकडीचा. डोळे मिटले, तुझ्या दादाला म्हटलं, वाट्या फिरव. पाच वेळा फिरवल्या, पाची वेळा ओळखलं. तुझा दादा म्हणाला, "पास झालीस, आता रडतेस कशाला?" मी रडत नव्हते. चुलीचा धूर होता. तुझ्या दादाला पण अजून काय सांगितलेलं नाय, आधी तुला.

मॅडमने पखवाजाला हात लावायची परवानगी दिली, रोज दहा मिनिटं. रविवारी १६ तारखेला संकष्टी हाय, देवळात आपल्या मंडळाचं भजन. छाया गाते तुझ्या जागी. गळा चांगला हाय तिचा, पण गजरात माझ्याकडे बघते. तू कधी बघायची नायस.

तुला चारचौघींत बोलले, तर चारचौघींतच सांगणार, भजन सुरू व्हायच्या आधी. द्वारकाबाईला पण निरोप धाडलाय. तू आलीस तरी सांगणार, नाय आलीस तरी सांगणार. पण तू समोर असावीस असं वाटतं. माफी मागायची मला सवय नाय, तिथं कदाचित नीट जमणार नाय, म्हणून इथं लिहून ठेवते: चूक माझी होती.

तुझा दादा टेंपोच्या कामाला उद्या चौकाला येतोय, त्याच्या हाती हा कागद देते. तुझा डबा पण देते. रिकामा हाय. रविवारी कणीक तूच मळून आण, मी डोळे मिटून लावीन.

शुक्रवारी, १४ तारखेला दिवस मावळायच्या आत मला जबाब पाहिजे. येतेस का नाय, एवढंच. फोन उचलायचा नसेल तर लिही, तुझे तर दोन्ही हात धड हायत.

तुझी वैनी
अंबा
(उजव्या हाताने लिहिलं)