चौकड्यांची चिंधी

रविवार, ११ जून

प्रिय दादा,

नमस्कार वगैरे नंतर, आधी बातमी ऐक. सफरचंदं लागलीत! अरे, फांदी नुसती वाकलीय! आई म्हणते, पत्रात आधी खुशाली विचारावी. बरं, कसा आहेस? झालं विचारून.

बाकीची बाग रुसलेलीच. यंदाही हिवाळ्यात स्वेटर पेटीतून निघाले नाहीत. पुरेशी थंडी मिळाली नाही तर झाडं फुलणार कशी, हे तूच सांगत होतास ना? फळं टोपलीचा तळ झाकतील तर शपथ. असंच चाललं तर बाग तोडावी लागेल, हे बाबा सोडून सगळ्यांना कळतंय.

मग ही फांदी कुठली? दोन वर्षांपूर्वी कमी थंडीत फळणाऱ्या जातीच्या कलमाच्या काड्या तू आणल्या होत्यास, आणि बाबांनी "माझ्या झाडांना शिकवू नकोस" म्हणत त्या कुंपणापलीकडे भिरकावल्या. तू तडक घर सोडलंस. मी काड्या उचलल्या आणि कोपऱ्यातल्या, बाबांच्या लाडक्या झाडावर गुपचूप कलम केलं. बांधायला काही मिळेना, म्हणून तुझा चौकड्यांचा शर्ट फाडला. ओरडू नकोस, कोपराला भोक होतंच. आता सांधा पक्का झालाय, तरी ती चिंधी मला सोडवत नाही.

आता गंमत बघ. परवा बाबांना ती फांदी दिसली. लगेच शेजारच्या काकांना बोलावून आणलं. "हवा बदलली म्हणे! कोण म्हणतं माझी झाडं थकली?" काकांनी पानं बाजूला सारली, तर चिंधी! बाबांनी ती बोटांनी चाचपून पाहिली. म्हटलं, आता माझी काही खैर नाही. पण "हा त्याचा शर्ट" एवढंच म्हणाले आणि आत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर फांदीला टेकू दिलेला. बाबांची काठी!

काठीचं तुला लिहिलंच नव्हतं, नाही का? हिवाळ्यात बाबा पडले, मांडीचं हाड मोडलं. "त्याला कळवायचं नाही," अशी शपथ घातली होती मला. काल कुंपणाची भिंत धरधरून झाडापर्यंत गेले आणि तसेच परत आले. नवी काठी आणते म्हटलं, तर म्हणाले, "कशाला? तो येईलच की फळं उतरवायला. पुढचं कलम कुठल्या झाडावर करायचं, तेही त्यालाच विचार."

दादा, मी रडले रे आनंदाने. फळं पिकायला आलीत. तोवर भिंतीवर भागेल, पुढे तुझा खांदा लागेल.

वाट बघतेय,
तुझा शर्ट फाडणारी
चिमणी