माझा दहावा पुन्हा करू नये

लिहून ठेवणार मी, अंबाबाई कुशाबा असवले, वय चोपन्न, धंदा टीव्हीत काम करणे, राहणार नारायणगाव, मूळ गाव आहुपे, तालुका आंबेगाव. माझं डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला मागे जोडला आहे, ज्याला शंका असेल त्यानं तो वाचावा आणि गप बसावं. मला कोणी धाक घातलेला नाही, लालूच दाखवलेली नाही. वकिलांनी चार पानांचा मसुदा करून दिला होता, त्यात माझं एकही वाक्य नव्हतं आणि नावामागे कुमारी लावलं होतं. तो बाजूला ठेवून मी माझ्या हातानं लिहिते आहे. शाळा तिसरीपर्यंत झाली, अक्षर लागलं नाही तर रुबिनाला विचारावं. यापूर्वी मी कसलंही मृत्युपत्र केलेलं नाही. लग्नही केलेलं नाही. मालिकांमध्ये नऊ वेळा झालं, तेवढं पुरे.

कलम १. नारायणगावात कापडदुकानाच्या वर माझ्या स्वकष्टाच्या दोन खोल्या आहेत. त्या सर्व सामानासह माझ्या पश्चात रुबिना दाऊद आतार, राहणार जुन्नर, हिच्या एकटीच्या मालकीच्या होतील. ती सेटवर माझे केस बांधायची. मला वाचायला वेळ लागतो. सतरा वर्षं केसांत पिना खोचता खोचता तिनं माझे संवाद मला वाचून दाखवले, मी एकदा ऐकलं की पाठ. लोक म्हणायचे, बाईंचं पाठांतर बघा. मालिका संपताना जी नावं सरसर वर जातात त्यात तिचं कधी आलं नाही. ते इथं आलं. ती आपल्यातली नाही असं कोणाला म्हणायचं असेल तर त्यानं आधी मला सांगावं की माझ्यातलं कोण होतं.

कलम २. बँकेतली ठेव आहुप्याच्या आणि खालच्या वाड्यांच्या ज्या मुली घोडेगावला शाळेला येतात त्यांच्या एसटीच्या पाससाठी वापरावी. सत्कार, फलक, माझा फोटो काही नको.

कलम ३. बक्षिसांच्या सात बाहुल्या. आतून पोकळ आहेत. खालचे सुवालालशेठ म्हणाले, "बाई, एक मला द्या, दुकानात शोभंल. गिऱ्हाईक विचारंल, कोणाची?" शेठ, साक्षीदाराला काही देता येत नाही असं वकील म्हणतात. तुम्ही नुसती सही करा. बाहुल्या भंगारात घालाव्यात.

कलम ४. कपाटाच्या मागे एक फोटो आहे, तोंड भिंतीकडे करून ठेवलेला. मालिकेत मी मेले तेव्हा सेटवर हार घालून लावला होता, मालिका संपल्यावर मी मागून आणला. तो कोणीही घरात टांगू नये. मी जिवंत खोलीत वावरत असताना ती बाई माझ्याकडे बघते, ते मला चालत नाही. काच काढून जाळावा.

कलम ५. माझा सख्खा भाऊ गेणभाऊ कुशाबा असवले, राहणार आहुपे, याला मी काहीही देत नाही. कारण लिहिते, म्हणजे मागून कोणी म्हणायला नको की बाई विसरली.

आमची आई साळुबाई बावीस वर्षांपूर्वी गेली. त्या दिवशी मी मुंबईत सेटवर होते. मालिकेतली माझी आई मरणार होती आणि मी तिच्या पायांवर पडून रडायचं होतं. दुपारी निरोप आला, आई शेवटच्या घटकेला आहे, निघ. मॅनेजर म्हणाले, एकच सीन राहिलाय, करा आणि गाडी घेऊन जा. मी राहिले. कोणी बांधून ठेवलं नव्हतं. सीन एका टेकमध्ये झाला, डोळ्यांत ग्लिसरीनही घालावं लागलं नाही. सातातली चौथी बाहुली त्याची आहे. माझी आई त्याच वेळात गेली. माती देऊन मंडळी घरी आल्यावर मी पोचले, आणि तिसऱ्या दिवशी परत कामावर गेले.

दहाव्याला रात्रपाळी करून थेट आले, कानामागचा मेकअप तसाच. ओढ्याच्या काठी पिंड ठेवलेला. जांभळीवर कावळे रांगेनं बसलेले, पण खाली एक उतरेना. दुपार कलली. मग गेलेलीचं मन कशात अडकलंय ते ओळखून माणसं एकेक शब्द देऊ लागली. म्हस विकणार न्हाई म्हणून झालं, खाचर मोडणार न्हाई म्हणून झालं. आमची चुलती म्हणाली, "गेण्या, पोरीत जीव अडकलाय तिचा. म्हण, अंबीला माहेर तोडणार न्हाई."

गेणू माझ्याकडे न बघता म्हणाला, "तिच्या तोंडाचा रंग उतरलाय का बघा आधी."

"आरं, चार शब्द म्हणायला काय झिजतोस का?"

"मला न्हाई म्हणायचं."

शेवटी गवताचा कावळा करून पिंडाला लावला. आई तशीच उपाशी गेली. मी त्याच पावली घाट उतरले, आणि त्यानंतर आहुप्यात पाय ठेवलेला नाही. चूक माझी होती हे मला ठाऊक आहे. पण ते चार शब्द माझ्यासाठी नव्हते, आईसाठी होते. म्हणून त्याला काही नाही.

कलम ६. याला कलम म्हणतात का ते वकिलांनी बघावं, पण हे लिहिल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

अकरा वर्षं मी एका मालिकेत माई होते. चॅनलला मालिका संपवायची होती म्हणून दोन वर्षांपूर्वी, माघ महिन्यात, माईला मारली. तिच्या दहाव्याचं शूटिंग ओझरच्या पुढं, कुकडीच्या काठी होतं. मला त्या दिवशी जुन्या आठवणीतला एक सीन होता, म्हणून छत्रीखाली खुर्ची टाकून चहा घेत बसले होते. भटजी झालेला नट मंत्रात अडखळायला लागला, तेव्हा दिग्दर्शकानं जवळच्या गावातून खरे गुरुजी आणले. खऱ्या माणसाला खोटं करता येत नाही. त्यांनी कॅमेरा चालू असताना मालिकेतल्या माझ्या मुलाला, मोहितला, विचारलं, "दिवंगत व्यक्तीचं नाव?"

अकरा वर्षांत माईला नावच दिलेलं नव्हतं कोणी. सगळे नुसतं माई म्हणायचे. पोरगा गडबडला आणि रोजच्या कॉलशीटवर, कामाच्या हजेरीच्या कागदावर, वाचलेलं माझं खरं नाव बोलला. "अंबाबाई."

"वडिलांचं?"

"कुशाबा."

"गोत्र?"

"माहीत नाही."

"मग काश्यप म्हणा," गुरुजी म्हणाले आणि विधी पुढं चालू. कोणी कट म्हटलं नाही.

कावळा नंतर संगणकावर जोडायचा ठरला होता. मोहितनं हात जोडून आपला संवाद म्हटला. तो माझा नव्हता म्हणून रुबिनानं मला वाचून दाखवलेला नव्हता, मी पहिल्यांदाच ऐकला. "माई, तुझं माहेर तुटलं ना? मी तुला माहेरी पोचवीन."

वाक्य संपलं आणि कावळा आला. एकटाच. पिंडाला चोच लावली, मान तिरकी करून माझ्या खुर्चीकडे बघितलं आणि पश्चिमेला, डोंगराकडं उडून गेला. दिग्दर्शकानं टाळ्या वाजवल्या. गुरुजींनी विचारलं, "या बाई कधी गेल्या?" कोणीतरी हसत माझ्याकडे बोट केलं, "ह्या काय, चहा पितायत." गुरुजींनी पळीभांडं पिशवीत घातलं, दक्षिणा घेतली नाही. माझ्याजवळून जाताना माझा वारा लागू नये असं उपरणं आवरून गेले.

तो भाग नावासकट टीव्हीवर दाखवला.

कलम ७. त्यानंतर पंधरा दिवसांनी इब्राहिम कासम तांबोळी मला नारायणगावच्या भाजीबाजारात भेटला. तो घोडेगावहून आहुप्याला जीप नेतो. शूटिंगच्या वेळी मला पुष्कळदा इकडंतिकडं नेलेलं आहे, तोंड नीट ओळखतो. म्हणाला, "अक्का, परवा न सांगता कुठं उतरून गेला? भाडं पण न्हाई दिलं."

"कुठं उतरले मी?"

"आहुप्यात. मागच्या सीटवर व्हता की. देवराईच्या वळणाला मागं बघितलं तर सीट रिकामी."

"इब्राहिम, डोळे तपासून घे."

"डोळ्यांवरच पोट हाय माझं, अक्का."

मी सोडून दिलं. पण पुढं माझ्याच अंगात फरक पडला. दिवस मावळायच्या आत, पाचच्या सुमाराला, मला जेवण झाल्यासारखं वाटतं. समोर काही ठेवलं तरी घास जात नाही. बोटांना नाचणीच्या भाकरीचा आणि खुरासणीच्या चटणीचा वास येतो. माझ्या घरात नाचणी येत नाही. साबणानं हात धुतले तरी वास तसाच. रुबिनाला हात हुंगायला लावला. ती म्हणाली, "अक्का, गूळ पण लावलाय वाटतं."

मागच्या वर्षी कलावंतांच्या मानधनासाठी हयातीचा दाखला करायला गेले. मशीन अंगठा घेईना. दहाही बोटं लावून बघितली. तिथली मुलगी म्हणाली, "मावशी, कामं करून रेषा घासतात, होतं असं." माझ्याकडे अठरा वर्षं भांड्यांना बाई आहे.

या दिवाळीनंतर मी इब्राहिमला घरी बोलावलं, पुढ्यात बसवलं आणि म्हटलं, खरं काय ते सांग. तो सांगेना. मग सांगितलं.

"गेणभाऊ रोज पाचला अंगणात ताट ठेवत्यात. जेव अंबे म्हणत्यात अन् आत जात्यात. मी म्हटलं, भाऊ, तुमची बहीण नारायणगावात हाय, कालच कोथिंबिरीवरून भांडताना बघितली. तर म्हणले, टीव्हीत तिचं नाव घेतलं, बापाचं घेतलं, कावळा शिवला. आईला न्हवता शिवला, हिला शिवला. आता जितं काय राहिलं? मग अंगणाकडं हात केला. म्हणले, अन् ती जिती असंल तर ही कोण?"

"तू बघितलंस?"

"बघितलं. हिरवं लुगडं. तोंड तुमचंच, अक्का. पण रंग न्हवता."

"ताटात काय होतं?"

"नाचणीची भाकर. खुरसणीची चटणी, वर गुळाचा खडा."

चटणीवर गूळ आई फक्त मला द्यायची, मला तिखट लागायचं म्हणून. गेणू त्यावरून लहानपणी रुसायचा. हे इब्राहिमला माहीत असायचं काही कारण नाही.

कलम ८. माझ्या देहाबाबत. मी कुठंही मेले तरी मला आहुप्याला न्यावं आणि आईला जिथं माती दिली तिथंच मलाही द्यावी. माहेरी पोचवण्याच्या शब्दाची आठवण द्यायला मोहितला मी फोन केला होता. तो म्हणाला, "अक्का, तो डायलॉग होता." बाळा, कावळ्यानं स्क्रिप्ट वाचलं नव्हतं. पण तू चांगला पोरगा आहेस, तुझ्या शब्दातून तुला मोकळा करते. त्यापायी रात्री झोप घालवू नकोस.

माझा दहावा पुन्हा करू नये. तो झालेला आहे, कावळाही शिवलेला आहे, एका माणसाचे दोन होत नाहीत. त्या दिवशी आईचा करावा. गेणूनं पिंडापुढं उभं राहून ते चार शब्द मोठ्यानं म्हणावेत. त्यानं म्हटले तर पाचव्या कलमातलं 'काहीही देत नाही' हे रद्द समजावं, आणि माझ्याकडे आईची म्हणून जी एकच वस्तू आहे, तिची चांदीची वाकी, ती त्याला द्यावी.

कलम ९. इतकं लिहून झाल्यावर मला कळलं की हे सगळं मी मेल्यावरचं लिहिते आहे, आणि मला तेवढा धीर नाही. कधीच नव्हता. गेणू मेलेल्या बहिणीला रोज जेव म्हणतो. जित्या बहिणीला म्हणेल का, ते कागदावर ठरणार नाही. येत्या सोमवारी मी इब्राहिमच्या जीपनं आहुप्याला जाते आहे. पुढच्या सीटवर बसेन आणि भाडं देईन. तोंडाला काही लावणार नाही. पाचच्या आधी अंगणात पोचेन.

तिथं कोणी नसलं तर त्या जागेवर बसेन. ती बसलेली असली तर तिला उठवायची की तिच्या शेजारी बसायचं, ते तिचं तोंड बघून ठरवीन. गेणू ताट घेऊन बाहेर येईल तेव्हा त्याला दोघींतली एक आत बोलवावी लागेल. त्यानं मला आत नेलं आणि ती बाहेर राहिली, तर हे मृत्युपत्र फाडून टाकावं, मी दुसरं लिहीन. त्यानं तिला आत नेलं आणि मी बाहेर राहिले, तर हे त्याच दिवसापासून लागू करावं. मग मी नारायणगावात हिंडताफिरताना दिसले तरी थांबू नये.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, रुबिनाकडून मोठ्यानं वाचून घेतला, आणि तो मला मान्य आहे. अंगठा देत नाही, सही करते.

सही: अंबाबाई कुशाबा असवले

साक्षीदार. बाईंनी आमच्या डोळ्यांसमोर, दुकानाच्या गादीवर बसून, सकाळी साडेअकराला सही केली. वेळ लिहायला त्यांनीच सांगितलं.

१. सुवालाल मोतीलाल बोरा, कापड व्यापारी, नारायणगाव (सही)

२. इब्राहिम कासम तांबोळी, जीपचालक, घोडेगाव (सही). सही करताना बाई इथंच होत्या, एवढ्यापुरतीच माझी साक्ष आहे.

ठिकाण: नारायणगाव, तालुका जुन्नर, जिल्हा पुणे
दिनांक: १३ नोव्हेंबर २०२५