पुलाच्या वळणावरचं ‘आरोहण’

३ मार्च
अखेर बसलं. पायी चालणाऱ्यांच्या आणि सायकलींच्या पुलावर, बरोबर मधल्या वळणावर, माझं ‘आरोहण’. नऊ फूट पोलाद, तीन पाती, एकही सरळ रेघ नाही. वेल्डर म्हणत होता, साहेब, खालचं पातं वाटेत दोन फूट येतंय, मागे घेऊ या, सायकलवाल्यांना लागेल. मी म्हटलं, कला अंग चोरून उभी राहत नाही. त्याने मान हलवली आणि आहे तिथेच जोडून टाकलं.

सहा महिने ट्रायल. मग कमिटी ठरवणार, कायम की भंगार. तेवीस वर्षं शाळेत ड्रॉइंग शिकवलं, हजारो सफरचंदं काढून घेतली. हे एकच काम माझं स्वतःचं आहे. ते राहिलंच पाहिजे.

संकल्प: पुलावर जाऊन लोकांचे चेहरे बघायचे नाहीत. कलावंताला शोभत नाही.

४ मार्च, सकाळी ६.४०
पुलावर. फक्त बोल्ट तपासायला.

११ मार्च
महत्त्वाचं निरीक्षण. ‘आरोहण’ दिसताच सायकलवाले वेग कमी करतात. आजपासून वहीत नोंद. १४२ पैकी १३९. उरलेले तिघे फोनवर बोलत होते.

बायकोला सांगितलं. ती फिजिओथेरपिस्ट, तिला सगळ्यात हाडंच दिसतात. म्हणाली, या आठवड्यात क्लिनिकमध्ये तीन कोपरं आली, तिन्ही तुझ्या पुलावरची. मी म्हटलं, चांगली कलाकृती माणसाला भिडतेच.

२ एप्रिल
तक्रारी सतरा. पुलाच्या इंजिनिअर बाईंनी फोनवर वाचून दाखवल्या. ‘अडथळा.’ ‘धोका.’ एकाने लिहिलंय, ‘पंखा पडलाय, उचला.’ गाढवाला गुळाची चव काय. बाईंनी विचारलं, थोडं मागे सरकवता का? मी ठणकावलं, मोडेन पण वाकणार नाही.

त्या म्हणाल्या, “मोडायचं खातं माझ्याकडेच आहे, सर.”

३ एप्रिल
त्यांनी सर म्हटलं, हे काल लिहायचं राहिलं.

१९ मे
एक आजोबा ‘आरोहण’समोर पूर्ण चार मिनिटं उभे. माझा ऊर भरून आला. जवळ जाऊन विचारलं, काय दिसतं? म्हणाले, काही नाही, दम खातोय. वहीत ‘चार मिनिटं’ एवढंच लिहिलं.

२२ जुलै
तक्रारी एकसष्ट. बायको म्हणते, दोन फुटांचा तर प्रश्न आहे, घे ना मागे. घरातच फितुरी. जेवण गेलं नाही. भंगारात गेलं तर पुन्हा सफरचंदं. भीती वाटते. हे इथेच लिहितो, तिला सांगणार नाही.

संकल्प: उद्यापासून पुलावर जाणं बंद.

२३ जुलै
१५८ पैकी १५८.

३० ऑगस्ट
कमिटीला वही सादर केली. साडेपाच महिने, रोजचे आकडे, वेळेसकट. तोंडावर पुरावा मारला. आता बोला म्हणावं.

४ सप्टेंबर, सकाळी १०
कायम! एकमताने! वेल्डरला फोन केला. बायकोला फोन केला. तिने पेशंट सोडून अभिनंदन केलं.

४ सप्टेंबर, सकाळी १०.२०
पत्राला दुसरं पान आहे. पूर्वी त्या वळणावर दर महिन्याला सायकली एकमेकींवर आदळत. मार्चपासून एकही टक्कर नाही (कोपरं वगळून). सबब, सदर वस्तू ‘वेग नियंत्रण’ या सदराखाली कायम करण्यात येत आहे. तीवर काळे-पिवळे पट्टे मारावेत. ‘अर्जदाराने स्वतः सादर केलेली आकडेवारी निर्णायक ठरली.’

वस्तू. फार वाईट वाटलं.

५ सप्टेंबर
कलाकृती परत घेत असल्याचं पत्र लिहिलं. कडक. एकही शब्द मागे घेणार नाही.

६ सप्टेंबर
पत्र टाकण्याआधी इंजिनिअर बाईंचा फोन. पुलाच्या दोन्ही टोकांना असंच एकेक हवंय. मी स्पष्ट सांगितलं, विचार करावा लागेल. केला. फोन ठेवायच्या आत.

९ सप्टेंबर
वेल्डरला घेऊन मापं घेतली. त्याने विचारलं, या वेळी वाटेत किती काढायचं, साहेब? मी म्हटलं, दोन फूट, तडजोड नाही. बाईंनाही बजावलं की काळे-पिवळे पट्टे दुसरं कोणी मारणार नाही, मीच मारणार.

त्यांना ऐकावंच लागलं.